भांडणबंदीतला बिबट्या

८ जानेवारी

आजपासून तोंडाला कुलूप! माझ्या एहिगीने पितळी बिबट्यासाठी मेण मळायला घेतलं. आता पितळ ओतेपर्यंत घरात भांडण नाही, टाकून बोलणं नाही, नाहीतर ओतकाम फसतं. आम्हा इगुन गल्लीतल्या ओताऱ्यांचा नेमच तसा. ओबाच्या, म्हणजे आमच्या राजाच्या, वाड्यासाठी पोराचं हे पहिलं स्वतंत्र काम. फसलं तर पुढची कामं त्याच्या चुलतभावाकडे जाणार. सूनबाई एसोहे म्हणाली, "बाबा, ह्यांचं होईल हो नीट. तुमचंच अवघड आहे." म्हणून लिहायला बसलो. बोलायचं नाही ते इथे.

११ जानेवारी

बिबट्याला मानच नाही. डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. पोटही सुटलंय — रानात शिकार करतो की एसोहेच्या हातचं काळं सूप ओरपतो, कोण जाणे. मी म्हटलं, "छान." एहिगी दचकला.

१२ जानेवारी

आज दोनदा "छान" म्हणालो. अंगावर काटा आला.

१५ जानेवारी

आता मात्र खरी काळजी. पितळ ओतताना शेपटीतून हवा सुटायला वाट ठेवलेली नाही. हवा अडली की शेपूट अर्धीच यायची. सांगावं तर माझा सूर असा, की गोड बोललो तरी खवचट वाटतो. शेवटी आमच्याकडे मान म्हणून देतात ते कोलाचं फळ फोडून अर्धं त्याच्यापुढे केलं. हळूच म्हणालो, "शेपटीपाशी एक वाट काढलीस तर?"

"बाबा, शेपूट पाठीला टेकवलीय. हवा पाठीतून जाईल."

एरवी अर्धा तास झाडला असता. उरलेलं अर्धं फळ तोंडात कोंबून उठलो. रागाने जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१७ जानेवारी

मेणावर मातीचे थर चढले. आता शेपूट दिसतही नाही. धुळीचा कोरडा वारा सुटलाय, साचा लवकर वाळेल. मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय आणि एसोहे मला तिथून हाकलतेय — अगदी गोड शब्दांत.

२६ जानेवारी

साच्यातलं मेण वितळवून काढलं, आमच्या लोखंडाच्या देवापुढे, ओगुनपुढे, कोंबडा दिला आणि पितळ ओतलं. मूस उचलताना एहिगीचे हात स्थिर होते. मीच लांब बसून ओठांतल्या ओठांत शेपटीचा जप करत होतो.

२७ जानेवारी

साचा फोडला. शेपूट टोकापर्यंत आलीय. माझं चुकलं होतं. आनंद झाला, खूप झाला. आता आपली इथे गरज नाही असंही वाटलं, आणि ते वाईट वाटलं. सगळी गल्ली येऊन वाहवा करून गेली. मी आपला ओट्यावर बसून राहिलो.

२८ जानेवारी

एहिगी सकाळीच बिबट्या घेऊन समोर येऊन बसला. "बाबा, बंदी संपली. आता तरी बोला की. सगळेच छान म्हणतात, मला काही कळेनासं झालंय."

फिरवून फिरवून पाहिलं. खोट सापडेना. मिशा वाकड्या आहेत, असं ठोकून दिलं. "कुठे वाकड्या? दाखवा!" म्हणून तो जो तावातावाने भांडायला लागला, तो दुपारपर्यंत. चेहरा कसा उजळला होता त्याचा.

मिशा सरळ आहेत.