आखितीची मडकी

आबा, या उन्हाळ्यात मी चाकावर बसले. तुमच्या चाकावर नव्हे, ते भावानं कधीच मोडीत काढलं. हे विजेचं आहे, माझ्या पगारातून घेतलेलं. लाईट असली की फिरतं, गेली की मी शिव्या घालत बसते. शाळा सकाळची झाल्यापासून रोज दुपारी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माती तुडवते, मडकी करते आणि बाजाराच्या दिवशी टमटममध्ये घालून विकायला नेते. शाळेतल्या बाया म्हणतात, मॅडमला छंद लागलाय. लागू दे. मेलेल्या बापाला लिहिताना माणसांचा गळा भरून येतो म्हणे. माझा काही येत नाही. मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय, आणि तुम्ही आपले अठरा वर्षांपूर्वीच निसटलात.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाचा उन्हाळा आठवतो का? तुम्ही सायकलवरून पडलात आणि उजवं मनगट मोडून घेतलंत. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. पितरांच्या नावानं पाणी भरायला घरोघर नवी केळी लागते, ती लहान तोंडाची, उंच मानेची घागर. कुंभाराचा सगळा उन्हाळा त्या एका सणावर. हात गळ्यात बांधलेला, तरी आपल्या अंगणात केळ्यांच्या रांगा वाळत होत्या. पारावर बसून तुम्ही सांगत होतात, ‘डाव्या हातानं वढल्या.’ ऐकून गाव तोंडात बोटं घालत होतं, आणि मीही. माझा बाप डाव्या हातानं केळी ओढतो, असं मी वर्गात सांगत फिरले. त्याच कौतुकापोटी एका दुपारी तुम्ही घरी नाही असं बघून मी चाकावर बसले. गोळा नुसता ठेवला होता हो, दांडी अजून फिरवलीही नव्हती. मागून येऊन तुम्ही कानाखाली वाजवलीत. डावा हात तेवढ्यापुरता मात्र खरंच चांगला चालला.

‘पोरीच्या जातीनं चाकाला शिवू न्हाई. भट्टी फुटती,’ म्हणालात. माती मी आणायची, लीद मी चाळायची, चिखल आईनं तुडवायचा, डोक्यावर मडक्यांचे हारे आम्ही वाहायचे, तेव्हा जात आडवी येत नव्हती. आणि त्या वर्षी भट्टी खरंच फुटली. निम्मी मडकी तडकली. गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यांच्यासमोर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत : ‘हिनं हात लावला.’ एक म्हातारी माझ्याकडे बघून थुंकली. आबा, मी शिकले, नोकरीला लागले, पोरांना विज्ञान शिकवते. फळ्यावर उष्णता आणि प्रसरण लिहिते. तरी माझ्या हातून कुठं काही फुटलं, कप फुटला, लग्न मोडलं, की आतून तुमचाच आवाज यायचा. हिनं हात लावला.

आता या चैत्रातलं सांगते. मला केळीची मान जमत नव्हती. पोट छान यायचं, मान ओढायला गेलं की बसकण मारायची. सात-आठ गोळे वाया गेले. आई लिंबाखाली बसून बघत होती. तिची पंचाहत्तरी उलटली, गुडघे धरलेत. उठली, म्हणाली, ‘सरक.’ मला वाटलं पाणी देतीय. ती चाकावर बसली, आबा. पदर खोचला, अंगठा आत घातला, दोन बोटं बाहेर, आणि मान एका ओढीत सरळ वर आली. तीच मान. पारावर तुम्ही ज्यांच्या फुशारक्या मारल्या, त्या केळ्यांची.

‘कवा शिकलीस?’

‘शिकायला कुटं जायचंय? दहा वर्सं त्यांच्या फुडं बसून गोळे देत हुते. बघून आलं. त्यांचा हात मोडला तवा तू साळंत गेलीस की दार लावायची आन करायची.’

‘आणि भट्टी?’

‘वल्ली मडकी घातली त्यांनी. दोन दीस थांबा म्हनलं, थांबतेत कशाचे. घाई लई.’

नाचता येईना अंगण वाकडं! घाई तुमची, मडकी आईची, आणि दोष अकरा वर्षांच्या पोरीचा. लाज नाही वाटली? मी तर तिच्यावरही ओरडले, का बोलली नाहीस म्हणून. ती कडा ओल्या फडक्यानं पुसत राहिली. म्हणाली, ‘बोलले असते तर कुनी घेतली असती? बाईच्या हातची केळी पितराला चालत न्हाई म्हनत्यात लोक.’ मी म्हटलं, आता चालवून दाखवते. बाजारात मांडू आणि तुझं नाव सांगून विकू. ती हसली नुसती, पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी शेडमध्ये जाऊन बसली होती. पंधरा दिवस आम्ही दोघींनी केळ्या केल्या. भट्टी तिच्या सांगण्यानं लावली, चांगली वाळवून. एकही फुटली नाही.

पाटोद्याच्या बाजारात माझ्या कुंड्या गेल्या, माठ गेले. केळ्यांना कोणी विचारलं नाही, आखितीला वेळ होता. आखितीच्या आदल्या दिवशी चौसाळ्याला बसलो. ऊन मी म्हणत होतं. पहिलाच एक फेटेवाला म्हातारा आला, केळी उचलून टिचकीनं वाजवली, कानाशी धरली. ‘कुनाच्या हातची हाय?’ आईनं माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवस हेच वाक्य मी घोकत होते. मागं चार-पाच गिऱ्हाइकं उभी. आणि मी म्हणाले, ‘माझ्या वडलांच्या हातची. ठेवणीतली आहे.’ म्हाताऱ्यानं तुमचं गाव विचारलं, ओळखलं तुम्हाला, केळी कपाळाला लावली. ‘तरीच! त्या मानसाचा हातच न्यारा.’ मग रीघ लागली. प्रत्येकाला मी तेच सांगितलं. आई शेजारी बसून एकेक केळी वाजवून देत होती, खाली ठेवायला पेंढ्याची चुंबळ देत होती. दुपारपर्यंत सगळ्या गेल्या. टमटममध्ये ती एवढंच म्हणाली, ‘बरं झालं, वझं न्हाई परत न्यायला.’

तुमच्यावर एवढे कागद काळे केले, पण हे कुठं पाठवायचं नाही आणि खरं तर हे तुम्हाला सांगायचंही नव्हतं. ज्या बाईची माफी मागायचीय ती पलीकडच्या ओट्यावर राख चाळत बसली आहे. चार दिवस झाले, तिच्या समोर जाऊन बसायचं धाडस मला झालेलं नाही.