पूर्वेस नदी, बहुधा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, निवृत्त सर्व्हेअर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गोंधळ माझ्या डोक्यात नसून जमिनीत आहे, निदान मला तसं वाटतं.

कलम एक. राहतं घर लेकीला. नवरा गेल्यापासून ती इथेच आहे, तिला दुसरं छप्पर नाही. मुलाला त्याचा वाटा पूर्वीच मिळाला आहे. त्याने तोंड वाकडं करू नये.

वकील म्हणतात, चतुःसीमा लिहा. नदीच्या मुखाजवळची सगळी दलदल मी नकाशावर आणली आणि स्वतःच्या घराच्या चार बाजू सांगता येईनात! पश्चिमेस रस्ता, हे नक्की. उत्तरेस शेजाऱ्याची भिंत. गेल्या वर्षी तरी होती. दक्षिणेस खाडी असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पूर्वेस नदी, बहुधा.

कलम दोन, म्हणजे जुनं भांडण. हा पट्टा मी ओहोटीला मोजला, जमीन दाखवली आणि त्याच भरवशावर इथे घर बांधलं. माझे थोरले दादा माझ्याच खात्यात वरिष्ठ. त्यांनी तो भरतीला मोजला आणि पाणी दाखवलं. छापला गेला त्यांचा नकाशा. तेव्हापासून बोलणं बंद. आता कागदोपत्री माझी लेक पाण्यात राहते. पुरात घर गेलं तर भरपाईसुद्धा नाही. दादांनी ‘इथे जमीन आहे’ एवढं लिहून दिलं तर तिचं भलं होईल, म्हणून त्यांना साक्षीला बोलावलं.

ते आले. दारातूनच म्हणाले, "चिखल वाळला म्हणून त्याची जमीन होत नाही, बाबा!"

लेक म्हणाली, "काका, आधी चहा घ्या. मग भांडा."

दादा चुकले म्हणावं तर पायरीला पाणी लागलंय. मी चुकलो म्हणावं तर इतकी वर्षं राहिलो कुठे? काही कळेनासं झालंय. लेकीची काळजी मात्र वाटते.

कलम तीन. दुर्बीण मुलाला. गमबुटांपैकी एकच उरला आहे. दुसरा दलदलीने ठेवून घेतला. सापडेल त्याचा.

ठिकाण: वर लिहिलेलं घर. दिनांक: वकील घालतील तो.
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार एक: दाखला देणारे डॉक्टर.

साक्षीदार दोन: थोरला भाऊ. सही समक्ष केली. जमीन मान्य नाही. तिथे पाणीच आहे, आणि पुतणीला मी पाण्यात राहू देणार नाही. माझ्या घराचा वरचा मजला तिच्या नावे करतो आहे. तिने याच आठवड्यात सामान हलवावं. बापाला यायचं असेल तर त्यानेही यावं.