मागच्या पानावरची नावं

मंगळवार, ३ फेब्रु.
ही गेल्याला बेचाळीस दिवस. आज कॉलेजच्या ग्रंथालयात परत रुजू.
इतिहासाच्या तासाला गोंधळ झाला. दुसऱ्या वर्षाची सु. टिपण वाचत होती. तिच्या गावात अजून दोन स्मशानं आहेत, एक गावाचं, एक तिच्या लोकांचं. महेश आणि सात-आठ पोरं बाकं वाजवू लागली. "गावाची बदनामी करून राह्यली." मॅडमना आवरेना. पोरगी खाली बसली. टिपण अर्धंच.
आमच्या गावातही दोन आहेत. हिला नेलं तेव्हा दुसरं मनातही आलं नाही.

बुधवार, ४
महेश ग्रंथालयात. बोलणं अदबीचं. सु.ने टिपणासाठी नेऊन परत केलेलं पुस्तक काढून मागचं पान उघडलं. तिथल्या चिठ्ठीवर नेणाऱ्यांची नावं मीच लिहितो, आडनावासकट, चोवीस वर्षं. त्याने मोबाइलवर फोटो घेतला.
"पाच जण हायेत सर. बाकीचे कोन?"
"वाचणारे."
"ते कळलं. कोन्या गावचे?"
मोबाइल ठेव म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

गुरुवार, ५
त्या पाचातले दोघे आले. "सर, आमचं नाव खोडा." सु. आलीच नाही.
ब्लेड घेऊन बसलो. पुस्तकांमागच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतोय. यापुढे फक्त कार्ड नंबर. कादंबऱ्यांत जागोजागी माझंच नाव. मी कादंबरी वाचत नाही. माझ्या कार्डावर हीच न्यायची. त्या चिठ्ठ्या खिशात ठेवल्या.

शुक्रवार, ६
प्राचार्यांनी बोलावलं. पोरांचा अर्ज आलाय. ते पुस्तक ग्रंथालयातून काढा, आणि कोणी कोणी नेलं त्यांची नाव-गावासकट यादी द्या.
"देऊन टाका हो. तुमच्या घरी आधीच दुःख, त्यात हे कशाला?"
ते सगळं रजिस्टरात आहे आणि रजिस्टर देणार नाही, म्हणालो. आवाज बारीकच निघाला. सोमवारी अकरापर्यंत मुदत.
मॅडमना फोन. सु.चं टिपण पुरं होऊ द्या, मी वर्गात येऊन बसतो. "बघते," म्हणाल्या.

शनिवार, ७
सु. आली. सोबत चुलता, तो दाराबाहेरच उभा.
"सर, रजिस्टरात माझा पत्ता हाय का?"
"आहे."
"मोबाइल?"
"वडिलांचा."
"बरं." मग दाराकडे बघत, "मॅडम मंगळवारी वाच म्हणाल्या. वाचू का?"
वाच, म्हणालो.
रजिस्टर पिशवीत घालून घरी आणलं.

रविवार, ८
दुपारी चारला महेश आणि चार पोरं घरी. चपला ओळीत काढल्या. "काकू गेल्या तवा येणं झालं न्हाई सर. भेटायला आलो." भेटायला आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. बसले. एकाची नजर टेबलावरच्या पिशवीवर. महेशने हिच्या फोटोला हात जोडले.
"काकू लई वाचायच्या म्हणं."
हे याला कोणी सांगितलं?
उठला, चप्पल घातली. "येतो सर."
दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. मुकाट्याने जायचं असतं. रीत माहीत नसेल, असं आधी वाटलं. पण मागच्या दोघांनी माना खाली घातल्या.
कडी लावली. उद्या प्राचार्यांना नाहीच म्हणायचं, ते ठरलंय. मंगळवारचं ठरत नाही. पोरीला पाठवू नका सांगायला सु.च्या वडिलांना दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा रिंग जाण्याआधी कापला. तिला वाच म्हणालोय.