सव्वीस तारखेच्या आत

३ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ. साठी उलटलेल्या बाईला अजून चि. लिहिते म्हणून हसू नकोस. माझ्याहून सात वर्षांनी लहान होतीस, अजूनही तेवढीच लहान आहेस.

आज सकाळपासून कॅनव्हासचे बूट डोळ्यांसमोर आहेत. मी दहावीत, तू तिसरीत. शुक्रवारी पी.टी. असायची, म्हणून गुरुवारी शाळेतून आलं की आपण मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर चार बूट मांडायचो आणि ओल्या खडूने पांढरे करत बसायचो. मी पुढून सुरुवात करायची, तू टाचेकडून. खडू संपला तर तुझे पुढून मळके राहतील आणि सिस्टर तर पुढूनच बघतात, असं मी तुला बजावलं होतं. त्यावर तू म्हणालीस, की मागच्या मुलीला टाचच दिसते. मी तुला शहाणी म्हणून चिडवलं आणि माझा उरलेला खडू दिला. बास, एवढंच. हेच का आठवावं, कोण जाणे.

कारण सांगते. आपल्या जीवशास्त्राच्या मिस रविवारी गेल्या. त्या शेवटची चार वर्षं इथल्या वृद्धाश्रमात होत्या, मी दर गुरुवारी जायची, हे तुला लिहिलं होतंच. झोपेतच गेल्या. मेट्रनने बोलावलं म्हणून गेले, सह्या केल्या, येताना भाजी घेतली, ती निवडली. रडू आलं नाही. आत कुणीतरी सगळ्या खुर्च्यांवर चादरी टाकून ठेवल्यासारखं वाटतं आहे.

त्यांचं जवळचं कुणी नाही, म्हणून एक खोकं माझ्याकडे आलं. पानं दाबायची लाकडी फळी, पितळी कडेचं भिंग आणि वाळवलेल्या पानांचे चौसष्ट कागद. प्रत्येक कागदाखाली नाव, तारीख, जागा. अक्षर तुझं. नववी-दहावीतलं. एवढी वर्षं त्यांनी ते जपून ठेवले होते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्याचं काय करू ते कळव. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी ‘बरं, ठेवते मग’च्या पुढे जात नाही. आणि चिंगीचा निकाल काय लागला? नातीला माझी पापी दे, लाजली तरी दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


९ जून

ती. ताईस,
बेबीचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. मिस गेल्याचं वाचलं. पत्र घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि मशीनवर चिंगीच्या स्कर्टची उसवलेली शिवण घातली. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले, पण काही आलं नाही. हे गेल्यापासून माझं असंच झालं आहे. पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखं. टोचतं, पण दुसऱ्या कुणाला तरी.

कागदांचं मागाहून सांगते. आधी चिंगीचं.

निकाल चांगला लागला. शास्त्रात वर्गात पहिली. न्हाणीघराच्या भिंतीवरचं शेवाळ घासू देत नाही. म्हणते, त्यात तीन जाती आहेत, तू दोन मारशील. बरण्यांत गोगलगायी आहेत. त्यांचीच मुलगी शोभावी, एवढी त्यांच्याशी बोलते. शास्त्राचे सर नवे आहेत, तरुण, केसांत कायम खडूची पूड. प्रत्येक वाक्याला ‘बरोबर का?’ म्हणतात. चिंगीने एका तासात एकेचाळीस वेळा मोजलं आणि घरी येऊन हुबेहूब नक्कल केली. मला ठसका लागला.

आता खरी गोष्ट. इथल्या शाळेत अकरावीला शास्त्र शाखा नाही, कॉमर्स आणि आर्ट्स तेवढं आहे. शास्त्र घ्यायचं तर वसतिगृहात राहावं लागतं, पाच तासांवर. चिंगीचे आईबाप नोकरीपायी लांब, त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं आहे. चिंगी कॉमर्स घेते म्हणते. कारण विचारलं, तर म्हणाली की तिला आकडे आवडतात. खोटं बोलताना ती कानाची पाळी ओढते, तशी ओढत होती. मी घरात एकटी पडेन म्हणून ती हे म्हणते आहे.

पालकसभेला सरांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. तिने शास्त्रच घ्यावं, वसतिगृहात जागा मिळवून द्यायची खटपट ते स्वतः करतील, असं लिहिलं आहे. चिंगीला घरी नीट बसवून ही वाचायला द्या, म्हणाले. ती चिठ्ठी मशीनच्या खणात आहे, रिळांच्या खाली. आज पाच दिवस झाले. फॉर्म सव्वीस तारखेच्या आत द्यायचा आहे.

तू एकतीस वर्षं शाळेत विषय-निवडीच्या टेबलाशी बसलीस. मुलींचं, आईबापांचं ऐकून घेतलंस. तर तू सांग, मी ती चिठ्ठी तिला द्यावी का?

गुडघ्याला तेल लावतेस ना? आळस करू नकोस.
तुझी धाकटी,
बेबी


१३ जून

चि. बेबीस,
आशीर्वाद आहेतच.

चिंगीचं वाचून फार कौतुक वाटलं. शेवाळाच्या तीन जाती! तिला म्हणावं, माझ्या न्हाणीघरात ये, इथे सात सापडतील.

विषयांचं म्हणशील, तर मुलाचा कल, घरची परिस्थिती आणि पुढच्या संधी या तिन्ही गोष्टींचा विचार करून, शिक्षकांचं मत लक्षात घेऊन, पण त्याच्या दडपणाखाली न येता, सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. घाई करू नये. कॉमर्सही काही वाईट नाही. तूच बघ, तुझं छान झालं.

गुडघा बरा आहे. खोकं पलंगाखाली ठेवलं आहे.

आठवण काढत जा.
ताई


१६ जून

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. शाळेच्या सूचनाफलकावर लावण्यासारखं होतं. मी विचारलं होतं ते एवढंच, की चिठ्ठी द्यावी का.

चिंगीने कॉमर्सचा फॉर्म पेन्सिलीने भरून ठेवला आहे. पेनाने गिरवायचा बाकी आहे.

बेबी


१८ जून

चि. बेबी,

तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. आता चौथ्यांदा बसले आहे, ते उठायचं नाही असं ठरवून.

चिठ्ठी दे. आज दे. हे पत्र हातात असेल तेव्हाच उठ आणि खण उघड.

मी हे का सांगते, तेही सांगायला हवं. तू दहावीत होतीस तेव्हा मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागून एक वर्ष झालं होतं. फॉर्म भरायच्या दोन आठवडे आधी मिसनी मला स्टाफरूममध्ये गाठलं आणि आईसाठी म्हणून एक चिठ्ठी दिली. तुझ्याबद्दल. हिला शास्त्र शाखेलाच घाला, वसतिगृहाच्या अर्जावर मी सही करीन, असं त्यात होतं. आणि खाली आणखी एक वाक्य होतं, की ही मुलगी पान तोडण्याआधी झाडाकडे बघते.

ती चिठ्ठी मी आईला दिली नाही. तुलाही दिली नाही.

आई अंथरुणाला खिळून तेव्हा वर्ष झालं होतं. बाबा फिरतीवर. माझं लग्न डिसेंबरात ठरलेलं. तू वसतिगृहात गेलीस तर आईपाशी मला थांबावं लागलं असतं. तिकडच्या मंडळींनी एकदा तारीख पुढे ढकलली होतीच, दुसऱ्यांदा ती ढकलली नसती. कॉमर्स घेतलंस तर तू घरी राहणार होतीस. मी तुझं वाईट चिंतलं नाही गं. मला फक्त जायचं होतं. मनाशी म्हटलं, उद्या देईन. मग म्हटलं, परवा. मग तू फॉर्म भरलास, आणि चिठ्ठीला अर्थच उरला नाही.

मी डिसेंबरात गेले. तू आईजवळ नऊ वर्षं काढलीस आणि पुढची चौतीस विम्याच्या ऑफिसात. वाढदिवसाला मला न चुकता पत्र लिहिलंस. विषयांच्या टेबलाशी मी शेकडो आईबापांना सांगितलं, की शिक्षकाने लिहिलेला कागद मुलीच्या हाती पडलाच पाहिजे. फार ठासून सांगायची. बाकीच्या शिक्षिका माझी नक्कल करायच्या.

मिसनी चार वर्षांत त्या चिठ्ठीबद्दल एकदाही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या होत्या, की मुलींना आपण सांगायचं ते सांगतो, पुढे त्यांचं त्या बघतात. तू त्यांचं ऐकलं नाहीस असंच त्या धरून चालल्या. मी त्यांना मोसंबी सोलून देत होते. सोलत राहिले.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. माझ्या जाड इंग्रजी शब्दकोशात, तेव्हा ठेवली तिथेच. तिथे कुणी बघणार नाही असं वाटलं होतं.

माफ कर असं लिहिणार होते. लिहून पाहिलं, ते कागदावर फार लहान दिसतं.

ताई


२२ जून

ती. ताईस,
बेबीचा सा. नमस्कार.

पत्र शनिवारी आलं. उभ्यानेच वाचलं. चिठ्ठी शुक्रवारीच चिंगीला दिली होती, तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी. तेव्हा ती चिठ्ठी तुझ्या सांगण्यावरून दिली असं मनात आणू नकोस.

तिने ती दोनदा वाचली. मी वाचली होती का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. किती दिवसांपूर्वी, म्हणून विचारलं. पंधरा, म्हटलं. ती उठली. बरण्यांची झाकणं उघडून पाणी शिंपडत बसली. जेवताना म्हणाली, की पंधरा दिवस म्हणजे फार नाही. मग पेन्सिलीचं खोडलं आणि शास्त्र लिहिलं, थेट पेनाने. कानाची पाळी ओढली नाही. दर दुसऱ्या शनिवारी येईन म्हणते, शेवाळ घासलंस तर बघ म्हणते. मी सही केली. बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. कप धुऊन पालथे घातले.

आता तुझं.

ताई, माझ्याकडे शब्दकोश नव्हता. मी रोज तुझाच वापरायची, तू शाळेच्या वह्या तपासत बसायचीस तेव्हा. हे तू कशी विसरलीस? मिसनी तुला चिठ्ठी दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला ती सापडली. निबंधासाठी शब्द बघत होते. वाचली, आणि होती तशी ठेवली. म्हटलं, ताई आज देईल.

फॉर्मच्या तारखेला तेरा दिवस होते. मी रोज संध्याकाळी बघायची. एकदा ती अर्धा बोट बाहेर ओढून ठेवली, तुझ्या नजरेला पडावी म्हणून. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत होती. तेव्हा मी बघायचं सोडलं आणि कॉमर्स लिहिलं.

आईचं कारण मला तेव्हा सुचलंच नाही. तुझ्या लग्नाचं तर नाहीच. मला वाटलं, ताई स्वतः शिक्षिका आहे, तिला मुली कळतात. मिस म्हणतात तेवढं माझ्यात काही नाही, हे तिने ओळखलं आहे आणि मला वाईट वाटू नये म्हणून चिठ्ठी लपवली आहे. मिसचं मत खरं की तुझं, असा प्रश्न होता. मी तुझं धरलं. मिस समोरून आल्या की जिन्याने खाली जायची. ऑफिसात मोठ्या परीक्षेला बसायला साहेबांनी दोनदा सांगितलं, तेव्हाही तुझंच धरलं.

आज कळतं आहे, की तुझं माझ्याबद्दल काही मतच नव्हतं. तुला जायचं होतं. हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं असतं आणि आईजवळ राहिलेही असते. फरक एवढाच, की मला माहीत असतं.

तुला चिंगीचं विचारलं ते सल्ला हवा म्हणून नव्हे. तू काय लिहितेस ते बघायचं होतं. तिसऱ्या पत्रात लिहिलंस. उशिरा का होईना, लिहिलंस. मला हलकं वाटायला हवं होतं, राग यायला हवा होता. दोन्हींची वाट बघते आहे. आले तर कळवीन.

दुपारी चिंगीचे पी.टी.चे बूट पांढरे केले. आता बाटलीतला रंग मिळतो, खडू लागत नाही. टाचेकडून सुरुवात केली.

गुडघ्याचं काय ते डॉक्टरांना एकदा दाखव. पत्र लिहीत जा, मीही लिहीन.
बेबी

ता. क. खोक्याचं असं कर. पानांचे चौसष्ट कागद चिंगीला. पाच जुलैला ती निघणार, त्याआधी पोचतील असे पाठव, आणि वर ‘वाकवू नये’ असं मोठ्या अक्षरात लिही. भिंग तिच्या सरांना, शाळेसाठी. मिसचं आहे असं सांग, माझं नाव घालू नकोस. फळी मला. तिच्यात काय दाबायचं ते अजून ठरलेलं नाही. चिठ्ठी तुझ्याकडेच राहू दे. मला ती पाठ आहे.