प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

प्रिय मास्तरीणबाई,

आधी आजीचा मुका घे. अक्षर वेडंवाकडं आलं तर बोल लावू नकोस, जिन्यावर बसवून तूच ते माझ्याकडून गिरवून घेतलंस. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पुढचं सगळं तुझ्या जिन्यावर.

आज सोमवारी मी शिक्षण कार्यालयात जाऊन आले. फायलींची चवड छतापर्यंत गेलीय गं. खिडकीमागच्या कारकुनाला आधी सांगितलं, माझी नात आठ वर्षं सरकारी शाळेत शिकवते. मग त्याच्या मुलाला अपूर्णांक जमत नाहीत हेही काढून घेतलं, तोवर मागची रांग कावली. शुक्रवारच्या आत शिक्षक परीक्षेच्या मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर शिक्का हवा, नाहीतर सोमवारपासून वर्गात पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्याने मला वाचून दाखवला. तुला तो पाठच असेल, उगाच का तू तीनदा फोन केलास. मी म्हटलं, आठ वर्षं शिकवतेय तिला शिकवता येतं का, हे कागदाला काय विचारता? तो म्हणाला, आजी, मी नुसते शिक्के मारतो.

आता सांगून टाकते. प्रमाणपत्र तुला कुरिअरने पाठवलंय, वाटेत आहे, असं मी फोनवर म्हणाले ते खोटं. ते माझ्या घरीच आहे. तू पास झालीस तेव्हा कुणाला दाखवू नि कुणाला नको असं झालेलं मला. तेलकट हात लागतील म्हणून दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये पक्कं करून आणलं, पुढून आणि मागूनही. आता त्या प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. दुकानदाराने इस्त्री फिरवून सोडवायला घेतलं, तर तुझं नाव पुसट व्हायला लागलं. मी त्याचा हातच धरला.

हे पत्र एवढ्यासाठीच. कारकून म्हणतो, बाई स्वतः आल्या तर साहेब नोंदवही बघून वेगळ्या कागदावर शिक्का देतात. पण साहेब भेटतात गुरुवारीच. शेजारीण उद्या तुझ्या गावाला येतेय, तिच्या हाती हे देते. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर लगेच निघ. पहाटे मी नंबर लावून ठेवते. रागवायचं असेल तर रांगेतच रागव, चार तास तरी जातील.

तुझीच, घाबरलेली
आजी