मीठ-मोहरीची मूठ

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्याच घरात मला खोकायची बंदी! दारावर कागद चिकटवलाय — ‘लेक्चर चालू आहे, आवाज नको.’ खोकला काय मला विचारून येतो? ज्या जागी ही बिल्डिंग उभी आहे तिथं मी भात लावलाय, बैलांवर ओरडलेय. तेव्हा कुणी कागद लावला नाही.

कागद लावणारी माझी नात, पूर्वी. भावेशची मुलगी. घरात बसून कॉलेज करते. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली झोपायची पँट — अशी बीए होणार. विषय फॉरेन्सिक सायकॉलॉजी. गुन्हेगाराचं मन कसं चालतं, साक्षीदाराची जीभ कशी चालते, त्याचं शिक्षण.

मी विचारलं, “पोरी, तुला खुनी भेटतात कुठं?”

“पीडीएफमध्ये, आजी.”

बरं.

ही डायरी पतपेढीनं फुकट दिली. घरात कुणाला नको होती, म्हणून मी घेतली. मी चौथी पास, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. कुणाला वाचता येणार नाही, तेवढाच फायदा.

१५ नोव्हेंबर

आज फुशारकी मारली आणि आपटले.

पूर्वीला म्हटलं, “तुला एवढी फी भरून शिकवतात ते मला फुकट येतं. खोटं बोलणारा माणूस मी बघताक्षणी ओळखते. वर छताकडं बघतो.”

ती हसली. म्हणाली, असं काही नसतं. खोटारडा सरळ डोळ्यांत बघूनही बोलतो. आणि खरं बोलणारा साक्षीदारसुद्धा चुकीचं सांगतो. “डोळ्यांनी बघितलेलं पण चुकतं, आजी. सांग, काल मी कुठला ड्रेस घातला होता?”

“पिवळा!”

फोटो दाखवला. निळा होता. आणि शेजारी मीच उभी, तोंड उघडं टाकून!

२० नोव्हेंबर

जेवताना भावेश बोलला. “पूर्वी, या वेळेला एक जरी विषय उडाला ना, तर बास झालं कॉलेज. पळस्प्याची माणसं किती दिवस थांबतील?”

पळस्प्याचं स्थळ आलंय. हायवेला हॉटेल आहे त्यांचं.

पूर्वी म्हणाली, “होणार मी पास.” पण ताटातला मासा तसाच ठेवून उठली. जिताडा! जिताडा टाकून उठते म्हणजे पोरगी घाबरलेय.

मी म्हटलं, “पोरगा काय वाईट नाय, केस जरा कमी हायत.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला ना, गप्प बसायचं कुणी शिकवलंच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मी काय करून ठेवलं! नीट लिहिते, म्हणजे मला तरी कळेल.

आज परीक्षा, घरीच. कॅमेरा चालू ठेवून बसायचं. पलीकडं कुणीतरी अनोळखी माणूस पेपर संपेपर्यंत पोरीवर टक लावून असतो. खोलीत दुसरं कुणी नको, बोलायचं नाही. हे सगळं सूनबाईंनी — अंकितानं — मला बजावून सांगितलं होतं. मी मान पण हलवली होती.

पण परवाच अंकिताची आई, गुणाबाई, विचुंब्याहून येऊन गेली. “पोरगी काय हुशार! काय रंग उजळलाय!” तेव्हापासून पूर्वीचं डोकं दुखतंय. त्यात हा कॅमेऱ्यातला टक लावून बसणारा. त्यात शनिवार. दृष्ट लागायला आणखी काय पाहिजे?

मूठभर मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि शिरले आत. म्हटलं, बोलायचं नाही ना? दृष्ट काढताना मी तरी कुठं बोलते! तोंडातल्या तोंडात म्हणायचं असतं. डोक्यावरून मूठ फिरवली. कानामागचे चार केस उपटून घेतले, घ्यावेच लागतात. केसांबरोबर काहीतरी टणक मुठीत आलं, पिन असेल. परत कशी देणार? एकदा मिटलेली मूठ आगीवरच उघडायची.

पूर्वीनं माझं मनगट धरलं. पांढरीफटक पडली होती. तेवढ्यात लॅपटॉपच्या डब्यातून आवाज — इंग्रजीत कोण तरी ओरडून विचारत होतं. पूर्वी उत्तर द्यायला गेली. मी दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवला! दृष्ट मुठीत असताना दोघींनी बोलायचं नसतं. डब्यानं पुन्हा विचारलं. मी डब्याला पण ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मग हात सोडवून घेतला आणि मागं न बघता स्वयंपाकघरात. गॅस मोठा करून मूठ सोडली. मोहरी अशी फाट्‌कन उडाली की मी मागं सरले. आणि वास! रबर जळाल्यासारखा. आयुष्यात दृष्टीला असा वास आला नव्हता. म्हटलं, बघा, केवढी भारी नजर होती.

बाहेर आले तर पेपर बंद पडला होता.

२३ नोव्हेंबर

पूर्वी बोलत नाही. मी बाजारातून पिनांचं अख्खं पाकीट आणून दिलं. “तुझी जळाली ना.” तिनं माझ्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत. “हो आजी. पिनच होती.” आणि दार लावून घेतलं. एवढं काय पिनेचं?

२५ नोव्हेंबर

युनिव्हर्सिटीचा मेल आला. अंकितानं वाचून दाखवला. खोलीत दुसरी व्यक्ती. पुटपुटणं. हातवारे. विचारल्यावर उत्तर न देणं. उमेदवाराचं तोंड दाबणं. ऐकताना मला वाटलं, ही बाई कोण नालायक? मग आठवलं.

निकाल रोखलाय. समितीपुढं साक्ष होणार, लॅपटॉपवरच. साक्षीदार — मी.

भावेशनं तोडगा काढला. “आये, त्यांना सांगू तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरचा कागद मी आणतो.”

“तुज्या डोक्यावर झालाय मेल्या!”

पण दुपारभर विचार केला. पोरीचं कॉलेज वाचत असेल तर चार माणसांसमोर वेडी झाले तर काय बिघडलं? आरशासमोर उभी राहून डोळे फिरवून बघितले. अंकिता मागून म्हणाली, “आई, वेगळं काही करू नका. आहात तशाच बसा.”

ही माझी सून.

पूर्वीच म्हणाली, “नको. आजी खरंच सांगेल. पण आजी, विचारतील तेवढंच. जास्तीचं एक अक्षर नको.” माझ्याकडं बघत नव्हती. मला वाटलं, रागावलेय अजून.

२ डिसेंबर

साक्ष झाली!

सकाळपासून हिरवं लुगडं नेसून बसले होते. लॅपटॉपात दोन मॅडम, एक सर. माझ्या शेजारी पूर्वी, हात मांडीखाली घेऊन.

मोठ्या मॅडमनी विचारलं, “आजी, आत का गेलात?” सांगितलं. “उत्तर का दिलं नाहीत?” सांगितलं. सर लिहीत होते. त्यांनी मान वर केली. “म्हणजे बोललं तर काय होतं?”

“नजर परत उतरते. बोलणाऱ्यावर. तुमी विचारत होता, म्हणजे तुमच्यावर आली असती. तुमच्याच भल्यासाठी गप बसले.”

मॅडमनी पदर तोंडाला लावला.

“आणि पुटपुटत काय होता? उत्तरं सांगत होता?”

मी! उत्तरं! “मॅडम, मी चौथी शिकलेय. उत्तरं सांगितली असती तर पोरगी आजच्या आज नापास झाली असती.”

तरी म्हणाल्या, म्हणून दाखवा. मोठ्यानं म्हणायचं नसतं. पण म्हटलं, पोरीसाठी. डोळे मिटून सुरू केलं — “आल्याची, गेल्याची, जिन्यातल्याची, लिफ्टमधल्याची, कॅमेऱ्यात बसलेल्या मुडद्याची, विचुंब्याच्या विहिणीची...”

स्वयंपाकघरात ताट पडलं. “माझ्या आईची?”

झालं. आता वर्षभर पुरेल.

शेवटी मॅडमनी नियम वाचले. कानात यंत्र घालायला बंदी, असंही होतं त्यात. “आजी, तुम्ही अगदी जवळ होतात. हिच्या कानात काही होतं?”

“होतं की! सोन्याची फुलं. मीच घडवून दिलेली.”

हसल्या त्या. म्हणाल्या, आमचं समाधान झालंय. पेपर लिहिलाय तेवढ्यावर तपासू. पाच तारखेला आजींना एकदा फोन करू, जबाब पक्का करायला, मग निकाल.

भावेशनं लगेच पळस्प्याला कळवलं, पोरगी शिकतेय, थांबू नका. मी तीन पेढे खाल्ले. म्हटलं, गुन्हेगारांच्या शिक्षणात माझा पण हात लागला! पूर्वीनं एकही खाल्ला नाही. अजून दृष्ट आहे की काय हिला?

३ डिसेंबर

अंकिता माझ्याशी बोलत नाही. फक्त भांड्यांशी बोलते, मला ऐकू येईल असं. “गॅसची शेगडी पण एका बाजूनंच पेटतेय किती दिवस. तिलाही आमच्या आईचीच नजर लागली असेल!”

साफ करते म्हटलं. मीच केलेला पसारा, मोहरी अडकली असेल.

४ डिसेंबर

बर्नर उघडला. मोहरी नव्हती. पांढऱ्या प्लॅस्टिकचा वितळलेला गोळा, वालाएवढा. सुईनं टोकरला, तर आत केसासारखी तार.

पिनेला तार नसते. पूर्वीच्या कपाटात कानात घालून फोन ऐकायच्या बिनवायरच्या बोंडांची पांढरी डबी असते, ती उघडून बघितली. दोन खाचा. एकच बोंड.

गुन्हेगार ओळखते म्हणे मी! पुरावा माझ्याच मुठीत होता आणि तो माझ्याच हातानं जाळला. वर समितीपुढं शपथेवर सोन्याची फुलं सांगितली!

पूर्वीला बोलावलं. गोळा तिच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, “आजी, डोळ्यांनी बघितलेलं पण —”

“डोळ्यांनी नाय. हातानं.”

मग रडली. पप्पांची भीती, पळस्प्याची भीती, कानात मैत्रीण उत्तरं वाचून दाखवत होती. ऐकून घेतलं. जवळ घेतलं नाही.

मग सांगितलं — उद्या मॅडमचा फोन माझ्या मोबाइलवर येईल. मी उचलणार नाय. तू उचलायचास. आणि उत्तर तूच द्यायचंस.