उताराकडचं चाक

अप्पा, आज नऊ वाजता आपल्या देवळाचा रथ निघणार आहे, आणि मी दार लावून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले आहे. आत्ता साडेसात होताहेत. बाहेर नादस्वरवाले सूर जुळवताहेत, माइकवाला एकच शब्द पन्नासदा बोलून बघतोय. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हांला लिहावं असं कधी वाटलं नाही. बोलायचं असलं की दोसे घालता घालता मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडून घेते आणि मोकळी होते. आज तसं भागत नाही. मला भीती वाटतेय, आणि ती कोणाला सांगायची सोय मीच माझ्या हाताने बंद करून टाकली आहे. शिवाय या तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आपली मराठी बोलणारंही घरात कोणी राहिलं नाही. लेकीशी फोनवर तमिळ, जावयाशी इंग्रजी. मागे पुण्याची एक बाई दारासुरम्‌चं देऊळ बघायला आली होती, ती माझं बोलणं ऐकून म्हणाली, "अय्या, किती जुनं बोलता हो तुम्ही!" जुनं तर जुनं. तुमच्याशी बोलायला चालेल.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी या मेलकावेरीच्या घराच्या ओट्यावर दहा-बारा मुलं गोळा करते. शिकवते म्हणणं जास्त होईल, वस्तू करायला लावते. नारळाच्या हिरांचा पूल करा आणि त्यावर विटा ठेवत जा. सायकलच्या ट्यूबने पाणी वर चढवून दाखवा. एकदा एका आईने विचारलं, "याने मार्क वाढतात का?" म्हटलं, "नाही, हात घाण होतात." ती पोर पुढच्या आठवड्यापासून आली नाही. नियम तुमचेच आहेत. आधी करून दाखव, मग दहादा करून दाखव, मग तोंड उघड. यंदा मी त्यांना रथ करायला सांगितला. म्हटलं, आपल्या रथाला ब्रेक नाही, वळवायला चाक नाही. चार लाकडी चाकं, वर तीन माणसांइतका उंच डोलारा, आणि पुढे दोर ओढणारे शेकडो लोक. तो थांबतो आणि वळतो तो फक्त पाचरीवर. चाकाला लागून चालणारा माणूस चाकाखाली लाकडाची पाचर सारतो आणि हात काढून घेतो. तेवढ्यावर सगळं. करा बघू तसा रथ, आणि कोपऱ्यावर वळवून दाखवा.

हे तुम्ही मला शिकवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तुम्ही पॉलिटेक्निकात वर्कशॉपचे मास्तर, आणि रथाच्या आधी आठ दिवस देवळातून तुम्हांला बोलावणं यायचं, आस आणि चाकं तपासायला. मी काड्यापेट्यांचा रथ केला होता. तुम्ही पाटावर बसून जेवताय, आई सार वाढतेय, आणि मी येऊन सांगते की दहापैकी आठदा बरोबर वळला. तुम्ही म्हणता, "आठदा?" मी म्हणते, "हो." मग हळूच म्हणते, "त्यातला तीनदा मी हाताने सावरला होता." तुम्ही ताट पुढे सारता. "पोरी, वस्तू पाचदा वळली. वस्तू काही खोटं बोलत नाही. मग कोण बोललं?" आणि भात तसाच टाकून तुम्ही हात धुवायला जाता. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस ताटावरून उठतो का हो? आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, मी आठ दिवस. नवव्या दिवशी तुम्ही नाचियार्‌कोविल्‌च्या एका दिवेवाल्याकडून गवंडी वापरतात तसा पितळेचा ओळंबा करून आणलात, माझ्यासाठी, माझ्या मुठीत मावेल एवढा. आईला वाटलं, समईचं बोंड तुटलं. मी तो घेतला, पण हसले नाही. तुम्हांला हसू हवं होतं, हे मला कळत होतं.

तर या मुलांत एक मुलगी आहे, बारा वर्षांची. दारासुरम्‌हून टाउन बसने येते. तिचा बाप सुतार, विणकरांचे माग दुरुस्त करतो, आणि गेली कित्येक वर्षं आपल्या रथाच्या पुढच्या उजव्या चाकाला पाचर लावतो. मुलगी बोलते कमी, मोजते फार. बाकीच्यांनी ओट्यावरच्या सपाट फरशीवर रथ वळवले. ही बाई खरा रथ वळतो त्या कोपऱ्यावर जाऊन रस्ता मोजून आली! पाणी भरलेली नळी घेऊन, मैत्रिणीला एका टोकाला उभी करून. पावसाआधी तिथे गटाराचे पाइप घातले, वर माती लोटली, मातीवर डांबर ओतलं. आता कोपऱ्यावर रस्ता गटाराच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, उतरता आहे. रथाच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत चांगला वीतभर. त्यात यंदा कोणा देणगीदाराच्या हौशीपायी रथावर बांबूचा आणखी एक मजला चढवलाय. तिने तोही मापात बसवला. फळी तेवढीच तिरकी केली, डांबराखालची माती भुसभुशीत म्हणून त्या जागी ओला भुसा दाबला, आणि दहादा रथ वळवला. सातदा पडला. सातही वेळा उजवीकडे.

मी चुका शोधल्या. खोटं नाही सांगत, देव शपथ शोधल्या. आस बघितला, चाकं बघितली, तिरक्या रथाच्या मधोमध वरून तुमचा ओळंबा सोडून बघितला. तो चाकाच्या कडेशीच जाऊन लोंबायचा, जरा हिसका बसला की बाहेर. ती माझ्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "टीचर, माझे अप्पा त्याच बाजूला असतात." मी म्हटलं, "लहान वस्तू आणि मोठी वस्तू एक नसते. खरा रथ जड आहे. जड वस्तू अशी पडत नाही." ती मग म्हणाली, "पण तुम्हीच सांगितलं होतं, पडणं वजनावर नसतं. उंचीवर आणि रुंदीवर असतं." बरोबर होतं तिचं. मीच सांगितलं होतं, याच ओट्यावर, दोन शनिवार आधी. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "मोठ्यांना उलटं बोलू नये." तेहेतीस वर्षं शिकवलं, अप्पा, हे वाक्य कधी कोणा मुलाला बोलले नव्हते. तिने रथ पिशवीत घातला आणि बस गाठायला निघून गेली. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून तो रथ मागून घेतला आणि देवळाच्या ट्रस्टींकडे गेले. तुमच्या वेळच्या ट्रस्टींचाच मुलगा. चांगला आहे, खुर्ची दिली, कॉफी दिली. मी फळी तिरकी करून रथ वळवला, तो पडला, आणि त्यांचा नातू टाळ्या वाजवत ओरडला, "परत पाडा, परत पाडा!" सगळं घर हसलं. मीही हसले हो, काय करणार. ट्रस्टी म्हणाले, "टीचर, आमच्या रथावर सामी, साक्षात देव बसलेला असतो. तुमच्या खेळण्यात कोण बसलंय?" मजला काढता येणार नाही, देणगीदाराचं नाव पत्रिकेत छापून झालंय. रस्ता नगरपालिकेचा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरांच्या डोक्यात असलं भरवता होय? त्यांच्या आईबापांना कळलं तर शनिवारी कोण पाठवेल?" ते मात्र मला लागलं. कॉफी संपवली आणि घरी आले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं मनाशी. खरं सांगायचं तर घडा पालथा आहे का, हे मी दुसऱ्यांदा बघायला गेलेच नाही. कलेक्टर कचेरी होती, पोलीस होते, देणगीदाराचंही घर काही लांब नाही. सहा दिवस हातात होते.

तुम्ही परत गेला असतात. तुम्ही एकदा त्यांच्या वडिलांच्या ओट्यावर तीन सकाळी जाऊन बसला होतात, मागचा एक आस किडला होता म्हणून. त्यांनी तेव्हाही बदलला नाही. मग रथाच्या दिवशी तुम्ही खाकी सदरा घातलात आणि त्या आसाच्या बाजूला पाचर घेऊन स्वतः चाललात, ज्याचं ते काम त्याला बाजूला करून. आई दारात उभी, मी तिच्या पदराशी. रथ आमच्यासमोर कलला. करकरला. मग सरळ झाला. घरी आल्यावर तुम्ही उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी प्यायलात. मी विचारलं, "कशाला गेलात?" तुम्ही चिडून म्हणालात, "ठाऊक कोणाला होतं? मला. मग दुसऱ्याला उभा करू?" आई रडत होती आणि तुमच्यावर ओरडतही होती. मलाही तेव्हा वाटलं होतं की तुम्ही हट्टी आहात, दुसरं काही नाही. आम्हां दोघींचा विचार केला नाहीत. अजूनही कधी कधी वाटतं.

मी काय केलं ते आता सांगते. काल सकाळी त्या मुलीच्या बापाला बोलावलं, खिडकीचं बिजागर निमित्ताला. काम झाल्यावर म्हटलं, "उद्या एवढं ऐक माझं. यंदा डावीकडचं चाक घे." त्याने विचारलं, "का, अम्मा?" रस्ता, मजला, सात वेळा, यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो बाकीच्यांना बोलला असता, ट्रस्टींना कळलं असतं, आणि माझ्या ओट्यावर शनिवारी चिटपाखरू फिरकलं नसतं. म्हटलं, "पोर घाबरलीय. तिच्या समाधानासाठी." तो हसला. "एवढंच ना? टीचर सांगताय तर घेतो." संध्याकाळी मुलगी आली. तोंड उजळलं होतं तिचं. येतानाच म्हणाली, "अप्पा डावीकडे आहेत!" मग लगेच, कारण ती तशीच आहे, "मग उजवीकडे कोण?" मी म्हटलं, "तिकडे यंदा लोखंडी जॅक लावणार आहेत. माणूस नाही." तिने मान हलवली. विश्वास ठेवला. ज्या मुलीने माझ्यासमोर दहादा मोजलं, तिने हे एकदाही पडताळून बघितलं नाही.

मध्येच दार वाजलं म्हणून उठले होते. आता पावणेनऊ होताहेत. दारात एक माणूस होता, चाळीस-पंचेचाळिशीचा, कमरेला नवी कोरी वेष्टी, कपाळभर विभूती, खांद्यावर पाचर. उन्हातून आला होता, म्हणाला, "अम्मा, थोडं पाणी." मी तांब्याभर दिलं. घटाघटा प्यायला. मग आपणहून सांगू लागला, इतकी वर्षं मागच्या चाकाला होतो, यंदा पहिल्यांदा पुढचं उजवं मिळालंय. कोणीतरी सोडलं म्हणे, सामीची कृपा. बायको-मुलं तंजावूरहून मुद्दाम बघायला आलीत, कोपऱ्यावरच उभी राहणार आहेत, तिथून छान दिसतं. मी तोंड उघडलं, अप्पा. उघडलं होतं. त्याने तांब्या माझ्या हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "टीचरम्मा, आशीर्वाद द्या." मी दिला.

तो गेला. दार परत लावून घेतलं. वाद्यं सुरू झालीत, दोर उचलताना लोक ओरडतात ते ऐकू येतंय. हे पत्र मी कुठे टाकणार, आणि कोण वाचणार. फक्त एवढंच लिहायचं राहिलं. तो दारात उभा होता तेवढ्या वेळात मी त्याला त्याचं नाव विचारलं नाही. विसरले नाही, अप्पा. विचारलं नाही.